यूब्लॉक ओरिजिन: फायरफॉक्सवर पूर्ण, क्रोमवर अर्धं

जाहिराती आणि पाळत अडवणारं यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) क्रोममध्ये बंद पडल्यापासून 'आता काय वापरायचं?' हा प्रश्न सगळीकडे विचारला जातोय. आमचं उत्तर आधीच देऊन टाकतो. संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर फायरफॉक्स घ्या आणि त्यात मूळ यूब्लॉक ओरिजिन टाका. ऑफिसच्या लॅपटॉपवर क्रोमचीच सक्ती असेल तर त्याची हलकी आवृत्ती, यूब्लॉक ओरिजिन लाइट, चालेल. त्यानेही बहुतेक जाहिराती जातात, पण पानाने सर्व्हरकडे केलेली कोणती विनंती अडवायची आणि कोणती सोडायची हे ठरवण्याचा तुमचा अधिकार बराचसा जातो.

टाकण्यापूर्वी नावाचा घोळ समजून घ्या, कारण त्यात अनेक जण फसतात. रेमंड हिल यांनी २०१४ मध्ये यूब्लॉक लिहिलं. २०१५ मध्ये त्यांनी तो प्रकल्प दुसऱ्याच्या हाती दिला आणि लगेच स्वतःची वेगळी शाखा काढली. ती शाखा म्हणजे यूब्लॉक ओरिजिन. नुसतं 'यूब्लॉक' पुढे २०१८ मध्ये अ‍ॅडब्लॉक या दुसऱ्या जाहिरात ब्लॉकरकडे गेलं आणि नंतर 'स्वीकारार्ह' जाहिराती सोडण्याच्या योजनेत सामील झालं. म्हणून स्टोअरमध्ये नावात 'ओरिजिन' आहे ना आणि लेखक म्हणून रेमंड हिल आहेत ना, हे बघितल्याशिवाय बटण दाबू नका. हे एक्स्टेंशन फुकट आहे, त्याचा कोड खुला आहे, आणि हिल देणगीही घेत नाहीत. द्यायचीच असेल तर फिल्टर लिस्ट (काय अडवायचं त्या नियमांच्या याद्या) सांभाळणाऱ्यांना द्या, असं ते सांगतात.

क्रोममध्ये नेमकं काय बदललं? जुन्या पद्धतीत, म्हणजे मॅनिफेस्टच्या (एक्स्टेंशनने काय करावं याच्या नियमावलीच्या) दुसऱ्या आवृत्तीत, पान उघडताना ब्राउझर प्रत्येक विनंती एक्स्टेंशनला दाखवायचा आणि थांबायचा. एक्स्टेंशन त्या क्षणी ठरवायचं की ही जाऊ द्यायची, अडवायची की दुसरीकडे वळवायची. तिसऱ्या आवृत्तीत हे थांबणं काढून टाकलं. आता एक्स्टेंशनने नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हवाली करायची आणि निवाडा ब्राउझर करणार. प्रत्येक एक्स्टेंशनला ३०,००० स्थिर, म्हणजे एक्स्टेंशनसोबतच येणाऱ्या, नियमांची हमी आहे. त्यापुढची जागा सगळ्या एक्स्टेंशनमध्ये मिळून वाटली जाते. जून २०२४ पासून क्रोमच्या बीटा, डेव्ह आणि कॅनरी या चाचणी आवृत्त्यांत इशारे दिसू लागले, आणि २०२५ मध्ये क्रोम १३९ आल्यावर कंपन्यांना जुनी पद्धत चालू ठेवण्याची मिळालेली सवलतही संपली.

गूगलने कारणं दिली ती सुरक्षिततेची, वेगाची आणि खासगीपणाची. वेगाच्या मुद्द्यात तथ्य आहे. खासगीपणाचा मुद्दा मात्र आम्हाला पटत नाही. एक्स्टेंशनला विनंत्या नुसत्या पाहण्याची मुभा तिसऱ्या आवृत्तीतही शिल्लक आहे, काढून घेतली ती अडवण्याची. म्हणजे पाळत ठेवू पाहणाऱ्या एक्स्टेंशनचं फारसं काही बिघडलं नाही. बिघडलं ते पाळत थांबवणाऱ्याचं.

फायरफॉक्सने दोन्ही पद्धती ठेवल्या आहेत, आणि यूब्लॉक ओरिजिन तिथे पूर्वीच्या क्रोमपेक्षाही जास्त करतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेषांतर केलेले ट्रॅकर, म्हणजे तुमच्यावर पाळत ठेवणारे कोड. एखादी वेबसाइट स्वतःच्याच नावाखाली एक उपनाव काढते आणि ते गुपचूप ट्रॅकिंग कंपनीच्या सर्व्हरकडे वळवते. वरवर पाहता विनंती घरातलीच दिसते, त्यामुळे यादीतला नियम लागू होत नाही. फायरफॉक्स एक्स्टेंशनला त्या उपनावामागचं खरं नाव डीएनएसला (इंटरनेटच्या पत्ता-नोंदवहीला) विचारू देतो, आणि मग नियम त्या खऱ्या नावाला लागतो. क्रोममध्ये ही सोय कधीच नव्हती. दुसरं असं की फायरफॉक्स सुरू होताना एक्स्टेंशन तयार होईपर्यंत पानं थोपवून धरतो, त्यामुळे आधीच्या सत्रातले टॅब परत उघडताना ट्रॅकर निसटत नाहीत. शिवाय पानाचा मजकूर दिसण्याआधीच त्यातला नको तो भाग कापता येतो.

टाकल्यावर लगेच करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. फायरफॉक्सच्या एक्स्टेंशन व्यवस्थापनात जाऊन 'खासगी विंडोत चालू द्या' हे सुरू करा, नाहीतर खासगी विंडोत काहीच अडत नाही आणि लोक एक्स्टेंशनला दोष देतात. डॅशबोर्डमधल्या 'फिल्टर लिस्ट'मध्ये ईझीलिस्ट, ईझीप्रायव्हसी, पीटर लोव यांची यादी आणि यूब्लॉकच्या स्वतःच्या याद्या आधीच चालू असतात. त्यात कुकी-सूचनांची यादी आणि प्रादेशिक विभागातली इंडियनलिस्ट जोडा, वरचं 'बदल लागू करा' दाबा आणि तिथेच थांबा. दिसेल त्या यादीवर खूण करत सुटलात तर संरक्षण फारसं वाढत नाही, पानं मात्र मोडायला लागतात. दुसरा जाहिरात ब्लॉकर असेल तर तो काढून टाका. दोघं एकमेकांच्या युक्त्या निकामी करतात आणि 'तुम्ही ब्लॉकर वापरताय' ही पाटी हमखास येते.

चिन्हावर टिचकी मारल्यावर उघडणाऱ्या छोट्या खिडकीत 'अधिक' दाबलं की तळाशी काही छोटे स्विच दिसतात. त्यातला बाहेरून येणारे फाँट थांबवणारा स्विच मराठी वाचकांनी जरूर वापरून पाहावा. मराठी बातम्यांची पानं बरेचदा जाड देवनागरी फाँट सोबत पाठवतात. ते थांबवले की मजकूर तुमच्या यंत्रातल्या देवनागरी फाँटमध्ये दिसतो, विंडोजवर निर्मला आणि अँड्रॉइडवर नोटो, आणि मंद नेटवर फरक लगेच जाणवतो. दोन अडचणी येतात. मेनू किंवा शोध यांची चिन्हं फाँटमधून येत असतील तर त्यांच्या जागी चौकोन दिसतात. आणि युनिकोडपूर्व काळातला मजकूर तसाच ठेवून खास फाँट पाठवणारं जुनं संकेतस्थळ असेल तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. तेवढ्या संकेतस्थळापुरता स्विच परत फिरवा. त्याची निवड संकेतस्थळागणिक वेगळी असते, आणि ती कायम ठेवायची तर कुलपाच्या चिन्हावर टिचकी मारा.

या एक्स्टेंशनची खरी ताकद आहे मध्यम पातळीत, आणि तिच्याकडे फार थोडे लोक वळतात. सेटिंगमध्ये 'मी प्रगत वापरकर्ता आहे' यावर खूण करा. आता त्याच खिडकीत पान ज्या ज्या डोमेनशी (संकेतस्थळाच्या पत्त्याशी) बोलतंय त्यांची यादी दिसते आणि तिच्यापुढे दोन रकाने. डावा रकाना सगळ्या संकेतस्थळांसाठी, उजवा फक्त समोरच्या पानासाठी. डाव्या रकान्यात 'तृतीय पक्षाच्या स्क्रिप्ट' (परक्या सर्व्हरवरचे छोटे प्रोग्राम) आणि 'तृतीय पक्षाच्या फ्रेम' (पानात बसवलेली परकी पानं) या दोन ओळी लाल करा आणि कुलपाच्या चिन्हावर टिचकी मारून नियम कायम करा. यादीत नाव असो वा नसो, परक्या सर्व्हरवरून आलेली कोणतीही स्क्रिप्ट आता चालणार नाही.

पहिले एक-दोन आठवडे पानं मोडतील. व्हिडिओ सुरू होणार नाही, कुठे नकाशा पांढरा दिसेल. अशा वेळी उजव्या रकान्यात त्या एका डोमेनपुढे राखाडी रंग द्या. राखाडीने तुमचा लाल नियम तेवढ्यापुरता उठतो, पण फिल्टर लिस्टचे नियम चालू राहतात. हिरवा देऊ नका. हिरव्याने याद्यांचे नियमही रद्द होतात आणि त्या डोमेनवरून ट्रॅकरही आत येतो. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक हीच.

पैसे भरण्याच्या पानांबाबत विशेष काळजी घ्या. पेमेंट गेटवेची स्क्रिप्ट परक्या डोमेनवरून येते आणि ओटीपीचं पान बरेचदा बँकेच्या फ्रेममध्ये उघडतं. मध्यम पातळीत दोन्ही अडतात. व्यवहार अर्धवट असताना पान रिफ्रेश केलं तर खात्यातून रक्कम वजा होऊन तिकीट हातात न पडण्याची वेळ येऊ शकते. म्हणून खरेदीला लागण्यापूर्वीच त्या संकेतस्थळापुरत्या दोन्ही ओळी राखाडी करा, पान पुन्हा लोड करा, आणि मगच पुढे जा. सगळं बसवून झालं की सेटिंगच्या तळाशी असलेल्या बटणाने फाइलमध्ये बॅकअप घ्या. नव्या यंत्रावर तीच फाइल दिली की महिनाभर घडवलेले नियम मिनिटभरात परत येतात.

लाइटबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, पण ते प्रामाणिक उत्पादन आहे. अडवण्याचं काम ब्राउझरच करतो, त्यामुळे यंत्रावर भार जवळजवळ शून्य. बेसिक, ऑप्टिमल आणि कम्प्लीट अशा पातळ्या आहेत. बेसिकला पानाचा मजकूर वाचण्याची परवानगीही लागत नाही, आणि जाहिरातींच्या रिकाम्या चौकटी खटकत असतील तर कम्प्लीट निवडा. वरचे दोन रकाने इथे नाहीत. फिल्टर याद्याही एक्स्टेंशनच्या पोटात येतात, म्हणून नवी यादी हवी तर नवी आवृत्ती स्टोअरमधून येईपर्यंत थांबावं लागतं. यूट्यूबसारख्या ठिकाणी, जिथे डावपेच दिवसागणिक बदलतात, तिथे ही वाट पाहणं अंगाशी येतं. आयफोनवर मात्र हाच मार्ग आहे. तिथला फायरफॉक्स एक्स्टेंशन चालवत नाही, पण लाइट सफारीसाठी मिळतं.

फायरफॉक्सची शिफारस आम्ही डोळे झाकून करत नाही. २०२४ मध्ये आवृत्ती १२८ मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने जाहिरातींचा परिणाम मोजणारी चाचणी वापरकर्त्याला न विचारता चालू ठेवली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'तुमची माहिती कधीच विकणार नाही' हे जुनं आश्वासन संकेतस्थळावरून हटवलं, तेव्हा डेव्हलपर मंडळी रास्तपणे चिडली. सेटिंगमधल्या खासगीपणाच्या विभागात जाऊन तांत्रिक माहिती पाठवण्याच्या आणि अभ्यासांत सहभागाच्या खुणा काढून टाका.

सप्टेंबर २०२४ मध्ये तर मोझिलाच्या तपासणी विभागाने फायरफॉक्ससाठीच्या लाइटवर माहिती गोळा करणं आणि अनाकलनीय कोड असे आक्षेप घेतले. कोड उघडून पाहिला असता तर दोन्ही आक्षेप टिकले नसते. मोझिलाने चूक मान्य केली, माफी मागितली, पण तोवर हिल यांनी ते एक्स्टेंशन फायरफॉक्सच्या स्टोअरमधून काढून घेतलं होतं आणि निर्णय बदलला नाही. एकट्याने, विनामूल्य काम करणाऱ्या माणसाला साचेबद्ध आरोपपत्र गेलं की असंच होतं.

वापरणाऱ्यांकडूनही हेच घडतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये यूट्यूबने ब्लॉकर मोठ्या प्रमाणावर अडवायला सुरुवात केली तेव्हा याद्या सांभाळणारे स्वयंसेवक दिवसातून अनेकदा फिल्टर बदलत होते, आणि त्यांच्यापुढे त्याच त्या तक्रारींचा ढीग साचत होता, त्यातल्या काही तर शिवीगाळीसकट. तक्रार करायची योग्य रीत सोपी आहे. आधी 'फिल्टर लिस्ट'मध्ये सगळ्या कॅश (साठवलेल्या जुन्या प्रती) पुसून 'आता अद्ययावत करा' दाबा. मग स्वतः जोडलेल्या याद्या आणि नियम बंद करून पान तपासा. दुसरी एक्स्टेंशनही बंद करून पाहा. तरीही बिघाड असेल तर खिडकीतल्या संवादाच्या फुग्यावर टिचकी मारा. नेमका पत्ता, कुठे टिचकी मारल्यावर काय दिसलं हे दोन वाक्यांत लिहा आणि 'सपोर्ट' पानावरची तांत्रिक माहिती जशीच्या तशी जोडा. त्या माहितीत तुमच्या स्वतःच्या नियमांतली संकेतस्थळांची नावं येऊ शकतात, म्हणून पाठवण्यापूर्वी एकदा नजर टाका आणि खासगी असेल ते खोडा.