नौपाड्यातील रसायनशास्त्राची शिकवणी

ठाण्यात नौपाड्यातील एका शिकवणीत माझी अकरावीतील मुलगी निव्वळ आयनिक समीकरणे, म्हणजे फक्त प्रत्यक्ष बदलणारे आयन (प्रभारित कण) दाखवणारी समीकरणे, शिकली. सरांनी लेड नायट्रेट आणि पोटॅशिअम आयोडाइड यांची रंगहीन द्रावणे परीक्षानळीत एकत्र केली, हळदीसारखा पिवळा अवक्षेप (न विरघळणारा घन पदार्थ) दाखवला आणि मगच रेणवीय समीकरण (पदार्थांची पूर्ण सूत्रे असलेले) संतुलित करून घेतले. पोटॅशिअम आणि नायट्रेट आयन दोन्ही बाजूंना जसेच्या तसे राहतात, म्हणून ते खोडल्यावर डावीकडे शिशाचा एक आणि आयोडाइडचे दोन आयन एवढेच उरतात, हे तिला तिथेच उमगले. प्रभार जुळतो का, हे पडताळण्याची सवयही लागली. मात्र ॲसेटिक आम्लासारखी सौम्य, म्हणजे पाण्यात थोडीच आयनांत विभागणारी, आम्ले आयनांत फोडून लिहायची नसतात, हा मुद्दा घाईत उरकला गेला आणि चाचणीत तिचे गुण नेमके तिथेच गेले. शिवाय मागच्या बाकावरून फळा खांबाआड जातो.