मराठी ऑडिओबुक सेवा: सीमाभागातील वापरावरून एक परीक्षण

मासिक वर्गणी भरून मोबाइलवर मराठी पुस्तके ऐकण्याची सोय बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात आता नवी राहिलेली नाही. 2017 च्या अखेरीस स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी भारतात आली, तेव्हा इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठी ही तिच्या सुरुवातीच्या भाषांपैकी एक होती. नंतर इतर सेवांवरही मराठी पुस्तके येऊ लागली. हे परीक्षण त्यांपैकी कोणा एकीचे नाही. छापील पुस्तक मिळत असतानाही आपल्याकडचे अनेक जण ऐकणे का पसंत करतात, आणि त्यांच्या पैशांचे चीज होईल इतकी ही सेवा चांगली आहे का, एवढेच येथे पाहायचे आहे. माझे मत आधीच सांगतो: कथा, कादंबरी, चरित्र आणि प्रवासवर्णन यांसाठी ही सेवा अवश्य घ्यावी, कविता आणि वैचारिक ग्रंथ यांसाठी मात्र घेऊ नये.

सीमाभागात या पसंतीमागे एक असे कारण आहे, ज्याचा पुण्या-मुंबईकडे सहसा विचार होत नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि त्यानंतरच्या पिढ्यांत मराठी घरांतील अनेक मुले कन्नड किंवा इंग्रजी माध्यमातून शिकली. घरात, शेतात, बाजारात ही मुले अस्सल मराठी बोलतात. शाळेत हिंदी असल्यास देवनागरी अक्षरेही त्यांना ओळखता येतात. परंतु अक्षरे ओळखता येणे वेगळे आणि रमून जाण्याइतक्या वेगाने वाचता येणे वेगळे. ज्याला एका पानाला पाच-सात मिनिटे लागतात, तो तीनशे पानांच्या कादंबरीच्या वाटेला जात नाही, आणि गेलाच तरी दुसऱ्या प्रकरणाच्या आसपास थांबतो. त्याच कादंबरीचे अभिवाचन मात्र तो सहज पूर्ण करतो, कारण कानाने ऐकलेली मराठी त्याला कधीच परकी झालेली नाही. अशा तरुणांना वाचनाची आवड नाही असे वडीलधारी मंडळी म्हणतात, तेव्हा मला ते मनापासून अन्यायाचे वाटते. त्यांना साहित्याची ओढ आहे. तिथवर जाण्याचा रस्ता तेवढा शाळेने दुसरीकडे वळवला.

दुसरे कारण कामाचे. निपाणी परिसरात विडी वळणाऱ्या स्त्रिया तासन्‌तास बसून एकच हालचाल करत असतात. हात गुंतलेले, कान मोकळे. क्यूबातील चिरूट कारखान्यांत 1865 पासून अशाच कामगारांना वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवणारा वाचक नेमण्याची प्रथा होती, आणि त्याचा मोबदला कामगार स्वतः वर्गणी काढून देत. आपल्याकडेही चातुर्मासात देवळात पोथी लावली की एक जण वाचतो आणि सगळा गाव ऐकतो. त्यामुळे ऐकून ग्रंथ पचवणे ही आळशी माणसाची पळवाट आहे हा आक्षेप आपल्या समाजाने तरी घेऊ नये. स्वयंपाक, शिवणकाम, गोठ्यातली कामे करताना बायका कादंबरी ऐकतात, त्यामागे हीच गरज आहे. शहापूर-वडगावकडच्या यंत्रमागांवर मात्र हे साधत नाही. त्या खडखडाटात संवाद कळत नाहीत, आणि आवाज वाढवला तर कानाला इजा व्हायची.

प्रवासात या सेवेचा उपयोग सर्वांत सरळ आहे. खानापूरहून बेळगावला रोज ये-जा करणाऱ्या नोकरदाराला गर्दीच्या बसमध्ये उभे राहून पुस्तक उघडता येत नाही. ऐकता मात्र येते. तीनशे पानांची कादंबरी साधारण आठ ते दहा तासांची होते, म्हणजे असा प्रवासी आठवड्या-दीड आठवड्यात ती संपवू शकतो. येथे एक सूचना आवश्यक आहे. खानापूरच्या पुढे जंगलाचा पट्टा लागला की मोबाइलचे नेटवर्क भरवशाचे राहत नाही, म्हणून पुस्तक घरूनच डाउनलोड करून निघावे. सर्वसाधारण 64 केबीपीएस दर्जाच्या ध्वनिमुद्रणाला तासाला सुमारे 29 एमबी लागतात, म्हणजे दहा तासांचे पुस्तक 300 एमबीच्या आत मावते. साध्या फोनलाही हे झेपते.

मोतीबिंदू किंवा काचबिंदूमुळे बारीक अक्षर न दिसणाऱ्या ज्येष्ठांसाठी तर हा वाचनाचा जवळजवळ एकमेव मार्ग उरतो. मुळात बोलती पुस्तके 1930 च्या दशकात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये अंध वाचकांसाठीच ग्रामोफोनच्या तबकड्यांवर निघाली. ज्यांना छापील मजकूर वाचणे खरोखरच अशक्य आहे, त्यांनी वर्गणीची सेवा घेण्यापूर्वी 2016 साली सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयाची चौकशी करावी. ते दृष्टिबाधितांसाठी आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठीच आहे, आणि तेथे भारतीय भाषांतील पुस्तके मिळतात. ही माहिती आपल्याकडच्या घरांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही, याची मला खंत आहे.

ऐकलेले लक्षात राहते का, हा प्रश्न नेहमी येतो. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात एकाच पुस्तकातला मजकूर काहींनी वाचला, काहींनी ऐकला आणि काहींनी दोन्ही एकदम केले. तिन्ही गटांच्या आकलनात लक्षणीय फरक आढळला नाही. उलट 2010 च्या दुसऱ्या अभ्यासात अभ्यासाचा मजकूर ऐकणारे विद्यार्थी परीक्षेत वाचणाऱ्यांच्या मागे पडले. माझ्या अनुभवाशी हे दोन्ही निष्कर्ष जुळतात. गोष्ट पुढे जात असते तेव्हा कान पुरतो. युक्तिवाद समजून घ्यायचा असतो तेव्हा डोळ्यांना मागच्या ओळीवर परतावे लागते, आणि पंधरा सेकंद मागे नेणारे बटण ते काम नीट करू शकत नाही.

सेवेचा खरा कस लागतो तो निवेदकापाशी. चांगला निवेदक पात्रांचे आवाज काढून दाखवत नाही. तो श्वास कुठे घ्यायचा हे जाणतो, संवादाआधी किंचित थांबतो, आणि लांब वाक्याचा तोल शेवटच्या क्रियापदापर्यंत सांभाळतो. असा एखादा अनुभवी नट लाभला, तर पूर्वी वाचलेली कादंबरीही नव्याने उलगडते, आणि छापील प्रत शेजारी असूनही मी ऐकणेच पसंत करतो. परंतु मी वापरलेल्या एका सेवेवर सीमाभागाशी संबंधित पुस्तकात येळ्ळूर, बैलहोंगल, सौंदत्ती ही नावे इतक्या चुकीच्या पद्धतीने उच्चारली होती की प्रत्येक वेळी लक्ष उडत होते. येळ्ळूरमधला जोड ‘ळ’ हलका केला की ते गाव आपले राहतच नाही. ग्रामीण कादंबऱ्यांत ही उणीव अधिक बोचते: शहरी निवेदक सगळ्या खेडुतांना एकाच ठरावीक सुरात बोलायला लावतो, आणि बेळगावी मराठीचा कन्नडच्या सहवासाने घडलेला हेल कुठेच ऐकू येत नाही. बेळगाव, निपाणी, चंदगडकडे नाटकात मुरलेली माणसे थोडी नाहीत. त्यांच्याकडून अभिवाचन करून घेणे निर्मात्यांना अवघड जाऊ नये. काही ध्वनिमुद्रणांत सतत वाजणारे पार्श्वसंगीतही मला अनावश्यक वाटते. कवितेत तर ते घातकच आहे. कवितेला वाचकाचा स्वतःचा वेग हवा असतो आणि तो येथे मिळत नाही.

मर्यादा आणखीही आहेत. आवडलेला परिच्छेद पुन्हा शोधणे त्रासाचे होते, वंशावळी आणि नकाशे असलेली इतिहासाची पुस्तके अर्धीच कळतात, आणि वर्गणी थांबली की ऐकलेले पुस्तक हातात राहत नाही. जुन्या मराठी साहित्याचा मोठा भाग अजून ध्वनिमुद्रितच झालेला नाही. त्यासाठी 1848 पासून चालत आलेल्या बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थांचे सभासदत्व सोडून चालणार नाही, आणि ऑडिओबुक घेणाऱ्याने ते सोडावे असे मी कधीही सुचवणार नाही. माझ्या ओळखीची काही तरुण मंडळी पुस्तक आधी ऐकतात आणि मग तेच वाचनालयातून आणून वाचतात. कथानक माहीत असल्यामुळे त्यांचा देवनागरी वाचनाचा वेग वाढू लागला आहे, आणि माध्यमिक शाळांतील मराठीच्या शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून पाहावा.

वर्गणी घेताना वर्षाची योजना लगेच घेऊ नये. आधी एक महिना घ्यावी, आणि आपल्याला हवी असलेली पाच-सहा मराठी पुस्तके यादीत आहेत का हे पैसे भरण्यापूर्वीच शोधून पाहावे. प्रत्येक पुस्तकाचा नमुना ऐकावा. नमुन्यात निवेदकाचा आवाज रुचला नाही, तर पुस्तक कितीही गाजलेले असले तरी ते छापील स्वरूपातच वाचावे. वेग 1.25 पटीपेक्षा अधिक ठेवू नये, कारण त्यापुढे मराठी जोडाक्षरे एकमेकांत मिसळू लागतात.