६,४८० रुपयांची स्वेटरची लोकर

पैसे घेऊन गायब होणारे भामटे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहेत. माझ्या भामट्याने माल पाठवला. म्हणून तर फसलो!

मे महिन्यात हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात ट्राउट मासे धरायला जायचं होतं. फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेली खोटी माशी. ती बांधायला डबिंग, म्हणजे दोऱ्यावर पिळायचे प्राण्यांचे केस हवेत, ते डिचोलीत कोण विकतो? व्हॉट्सॲपवर एकाने बारा पुड्या दाखवल्या: बीव्हर, मस्करॅट, ससा, सील. आधी ४,८५० घेतले, मग 'कस्टमचे' १,६३०, तेही त्याच्या भाच्याच्या नंबरवर. दिले. हसा.

खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. मी विचारलं, ससा कशाला वापरू? म्हणाला, "कशालाही सर, सगळं तरंगतं." अरे, सशाच्या तोंडावरचे केस राठ, काटेरी. ते पाणी धरतात म्हणूनच बुडणाऱ्या फ्लायला, निम्फला, घेतात. तरंगणाऱ्या ड्राय फ्लायला बीव्हर-मस्करॅटची मऊ आतली लव लागते. हे मला माहीत होतं! वर 'अस्सल सील' चारशेला. अमेरिकेत १९७२ पासून त्यावर बंदी, युरोपात २००९ पासून जवळजवळ तसंच. सीलच्या जागी लोक अंगोरा बकरी वापरतात. तरी मी मान डोलावली. पण मी पंधरा वर्षं खाजनाच्या मानशीवर, म्हणजे खाऱ्या शेताच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर, चणक माशाला फ्लाय टाकतोय, त्यात सगळं सिंथेटिकच. खऱ्या केसांना हात कधी लागणार?

पार्सल उघडलं तर बाराही पुड्यांत एकच चकाकी, एकच लांबी, राठ केस औषधालाही नाही. चिमूटभर 'ससा' समईवर धरला. जळक्या केसांचा वास नाही; आकसून काळा मणी झाला आणि बोटाला चिकटला. म्हणजे केस नव्हेतच, स्वेटरची सिंथेटिक लोकर! फोड अजून आहे. तुम्ही चिमट्यात धरा, आणि पैसे देण्याआधी नमुना मागवून.

ठाण्यात अर्ज वाचून हवालदार म्हणाला, "डबिंग? सिनेमाचं?" मग दुसऱ्याला हाक मारली, "ये रे, सहा हजारांची माशी बघ!" पार्सल मिळालं ना, मग फसवणूक कसली, ग्राहक मंचात जा. पोच मागितली तर उद्या. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. मग काय बँकेने टाकायचा होता? पैसे गेले की त्याच तासाला १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर लावा. मी लाजेने चार दिवस बायकोलाही बोललो नाही. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, माझ्याकडे तोही नाही.

चौथ्यांदा ठाण्यात गेलो, तर साहेब शिगम्याच्या बंदोबस्ताला गेलेले. हवालदाराने मात्र ओळखलं. "या, माशीवाले."