बात्सेविचचं काय वाजवायचं: ‘पोलिश कॅप्रिस’ की ‘ओबेरेक क्र. १’?

पोलिश संगीतकार ग्राझिना बात्सेविच (१९०९–१९६९) स्वतः पट्टीच्या व्हायोलिनवादक; पोलंडमधल्या वूच शहरात शिकवलं, १९६६पासून वॉर्सात. त्यामुळे दोन्ही रचना हाताला बसतात. दोन्ही १९४९च्या, दोन्ही छोट्या.

साथ: कॅप्रिस (लहरी, मोकळ्या ढंगाची रचना) एकट्या व्हायोलिनसाठी. ओबेरेकला पियानो लागतो, आणि तोही लयीला पक्का; साथीदार डळमळला की तुकडा कोसळतो.

मेहनत: कॅप्रिसची संथ सुरुवात सोपी वाटते, फसवते तीच. साथ नसल्याने बेसूर लपत नाही आणि स्वैर लयीच्या नावाखाली स्वर वाट्टेल तसे ताणले जातात. आधी मेट्रोनोमवर (ठोके देणाऱ्या लययंत्रावर) सरळ वाजवा, मग मोकळीक घ्या. पुढे वेग चढतो. सुरुवातीलाच घाई केली तर चढायला जागाच उरत नाही. जोडस्वर (दोन तारांवर एकदम वाजणारे स्वर) आधी एकेक तार वेगळी वाजवून सुरात आणावेत.

ओबेरेक म्हणजे तीन मात्रांचा गरगरता नाच. जोर दर वेळी पहिल्या मात्रेवर दिला की त्याचा वॉल्ट्झ (तीन मात्रांचाच, पण संथ डुलणारा नाच) होतो. (बहुतेकांचा होतोच.) गजाची (बोची) लांबी कमी वापरा.

ऑडिशनला किंवा साथीदार नसेल तर कॅप्रिस. चांगला पियानोवादक हाताशी असेल, कार्यक्रमाचा शेवट रंगवायचा असेल, तर ओबेरेक.