नैराश्यासाठीच्या रक्ततपासणी पॅकेजचा आमचा अनुभव

माझ्या थोरल्या बहिणीला नैराश्यासाठी एस्सिटॅलोप्रामची गोळी सुरू होऊन महिना झाला होता, तेव्हा आम्ही एका पॅथॉलॉजी लॅबचे 'मानसिक आरोग्य पॅकेज' घेतले. घरी रक्त घ्यायला आलेल्या मुलाचा हात इतका हलका होता, की सुई टोचल्याचे ताईला कळलेसुद्धा नाही. मात्र तो आला साडेअकराला, आणि अहवालात कॉर्टिसोलची छापलेली मर्यादा होती सकाळी आठची. हे संप्रेरक सकाळी चढलेले असते आणि दिवसभर उतरत जाते, त्यामुळे त्या आकड्यावरून काहीच ठरवता येईना.

खरा घोळ झाला तो सेरोटोनिनमुळे. मनःस्थितीशी जोडले जाणारे हे रसायन, ताईची गोळी मेंदूत त्याच्यावरच काम करते. अहवालात तो आकडा ठळक अक्षरांत, 'कमी' अशा शेऱ्यासह आला आणि ताईने त्याच रात्री गोळ्यांची पट्टी बाजूला ठेवली. औषध लागूच पडत नाही, असे तिने धरून चालले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावले, की रक्तातले जवळजवळ सगळे सेरोटोनिन प्लेटलेट्समध्ये साठलेले असते, प्लेटलेट्स ते स्वतः तयार करत नाहीत तर बाहेरून ओढून घेतात, आणि ही गोळी नेमकी तीच वाट अडवते. म्हणजे आकडा घसरला होता तो गोळीमुळेच, आणि मेंदूत काय चालले आहे हे त्यावरून कळत नाही. नमुना घेण्यापूर्वी चालू औषधे विचारली असती, तर तिची ती रात्र वाचली असती. याचा मला आजही राग आहे.

पॅकेजमधल्या सीआरपी या रक्तातल्या प्रथिनाच्या तपासणीबद्दल मी इतके कठोर बोलणार नाही. नैराश्याच्या काही रुग्णांत दाहाची ही खूण वाढलेली आढळते. २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ६० रुग्णांच्या चाचणीत इन्फ्लिक्सिमॅब या दाहशामक औषधाचा सरसकट उपयोग झाला नाही, पण ज्यांचा सीआरपी लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर होता त्यांच्यात सुधारणेचा कल दिसला. तरीही साध्या सर्दी-तापानेही सीआरपी वाढतो, आणि केवळ त्यावरून नैराश्याचे निदान होत नाही.

उपयोगी ठरल्या त्या टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन आणि बी-१२ या नेहमीच्याच तपासण्या. थायरॉइड मंदावले किंवा बी-१२ कमी पडले तरी माणूस असाच मलूल, उदास होतो. ताईचे बी-१२ खरोखरच कमी निघाले आणि त्याची इंजेक्शने सुरू झाली. या तिन्ही तपासण्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सुट्या करून घेता येतात. पॅकेज घेण्याची गरज नाही.