फियाट ५०० : दोघींना पुरते, तिसऱ्याने रेल्वेने यावं

निकाल आधीच सांगते. इटलीत तोस्कानाच्या टेकड्यांवरची गावं फिरायची असतील, माणसं दोन असतील आणि सामान आटोक्यात असेल, तर भाड्याने मिळेल ती सगळ्यात लहान गाडी घ्या. भाडं कमी पडतं हा भाग वेगळा. मुळात तिथल्या गल्ल्या आणि पार्किंगच्या जागाच त्या मापाच्या आहेत. चौघं असाल तर मात्र नाद सोडा. गाडीत सीटबेल्ट चार आहेत, ते खरं. चौघांचे कपडे कुठे ठेवायचे हे कुणी सांगत नाही.

मी आणि ताई, दोघीच गेलो होतो. सप्टेंबर महिना. पिसा विमानतळावर गाडी घ्यायची, मग लुक्का, सान जिमिन्यानो, व्होल्तेर्रा, सिएना, खाली पिएन्झा आणि मोन्तेपुल्चानो, आणि परत पिसा. चालवणार मी, ताईकडे मोबाइलवरचा नकाशा आणि टीका. बुकिंग ‘मिनी’ वर्गाचं होतं. त्यात ‘फियाट ५०० किंवा तत्सम’ असं लिहिलेलं असतं आणि त्या ‘तत्सम’मधून फियाटचीच पांडा, ह्युंदाईची आय-टेन, टोयोटाची आयगो, काहीही बाहेर पडू शकतं. आम्हाला ५००च मिळाली, फिकट निळी. ताईने चावी हातात यायच्या आत फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

काउंटरवरचा प्रकार मात्र वैताग आणणारा. कंपनीचं नाव घेत नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच ऐकू येतं. मूळ लायसन्स, आरटीओतून काढलेलं इंटरनॅशनल परमिट आणि गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड, हे तीन कागद पक्के लागतात. आपलं फॉरेक्स कार्ड तिथे चालेलच असं धरू नका. कार्डावर हजाराच्या वर युरो अडकवून ठेवतात, तेव्हा बँकेकडून मर्यादा आधीच वाढवून घ्या. मग सुरू होतं विम्याचं. ‘मॅडम, लहान गाडी, डोंगरातले रस्ते, एक ओरखडा आला तरी...’ असं म्हणत त्या पोराने जे जादा कव्हर पुढे केलं, त्याचा रोजचा दर जवळजवळ गाडीच्या भाड्याएवढा होता. मी विचारलं, मूळ विम्यात काय येत नाही? तेव्हा हळूच कळलं: टायर, काचा आणि गाडीची खालची बाजू. नेमकं तेच, जे तिथल्या रस्त्यांवर आधी जातं. मी जादा कव्हर घेतलं, तेही टायर आणि खालची बाजू त्यात आहे हे छापील कागदावर बोटाने दाखवायला लावून.

आता गाडी. लांबी ३.५७ मीटर, म्हणजे आपल्या अल्टो के-१०पेक्षा दोन-तीन बोटं जास्त. रुंदी मात्र अल्टोपेक्षा चांगली तेरा-चौदा सेंटिमीटर अधिक, त्यामुळे पुढे बसलेल्या दोघींचे खांदे एकमेकींना लागत नाहीत. १९५७च्या जुन्या ५००चं रूप घेऊन २००७ साली ४ जुलैलाच, बरोबर पन्नास वर्षांनी, ही नवी आणली. मूळ गाडी दांते जाकोसा या फियाटच्या अभियंत्याची, जेमतेम तीन मीटरची, मागे इंजिन. नवीचं इंजिन पुढे. दिसायला अस्सल इटालियन असली तरी आमची जन्माला आली होती पोलंडच्या कारखान्यात.

बाबांच्या फियाटचा, म्हणजे प्रीमियर पद्मिनीचा, गिअर स्टिअरिंगलाच होता. हिचा गिअर डॅशबोर्डला लागून उंचावर आहे, आणि डाव्या बाजूला बसून उजव्या हाताने टाकायचा असूनही तो पटकन हाताशी येतो. पहिल्या दिवशी डावा हात दाराच्या पॅनलवर आपटत होता, एवढंच. इंजिन एक लिटरचं, तीन सिलिंडरचं, ७० हॉर्सपॉवर, नावाला हायब्रिड. नावाला अशासाठी की निव्वळ बॅटरीवर ती चालत नाही. वेग तीसच्या खाली आला की न्यूट्रल करा म्हणून पडद्यावर सुचवते आणि केलंत की इंजिन बंद करून टाकते. सिग्नलच्या दिशेने आवाज न करता घरंगळत जाताना ताई दरवेळी दचकायची. ‘अगं, बंद पडली का?’

व्होल्तेर्राच्या चढावर मात्र गाडीचा जीव दिसतो. वळणावळणाला दुसरा गिअर, मागे एखादा स्थानिक माणूस बंपरला चिकटलेला. त्याला जाऊ द्यायचं, आपण घाई करायची नाही. हायवेवर मर्यादा १३०ची आहे, पावसात ११०. आम्ही कोरड्यातसुद्धा १०५-११०वर उजव्या लेनमध्ये राहिलो, कारण त्याच्या पुढे गप्पा ऐकू येईनात.

सामानाची गोष्ट नीट वाचा. डिकी १८५ लिटरची. दोन केबिन बॅगा उभ्या राहतात आणि वर एखादी कापडी पिशवी कोंबता येते. ताईची चोवीस इंची बॅग मागच्या सीटवर गेली, आणि गाडीला दारं दोनच असल्यामुळे ती आत घालायची म्हणजे पुढची सीट ढकला, बॅग तिरकी करा, हँडल अडकवा, मग चिडा. ती दारंही लांबलचक आहेत. शेजारी कुणी खेटून गाडी लावली की दार अर्धंच उघडतं. ताईचा उजवा गुडघा दुखरा, तिला पाय आधी बाहेर काढून मग उठावं लागतं. अर्ध्या दारातून ते जमेना. शेवटी रीत ठरली: आधी ताई उतरणार, मग मी गाडी फटीत घालणार. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी ‘तत्सम’मधून पांडा मिळाली तर देवाचे आभार मानावेत. पाच दारं, डिकीही मोठी. इटलीतले लोक स्वतः सगळ्यात जास्त तीच घेतात, उगीच नाही.

फायदा कुठे झाला ते सांगते. सान जिमिन्यानोच्या वेशीबाहेरच्या पार्किंगमध्ये मोठ्या एसयूव्ही घिरट्या घालत होत्या आणि आम्ही एका खांबाशेजारच्या कोपऱ्यात शिरलो. निळी रेघ म्हणजे पैसे भरून, पांढरी फुकट, पिवळी आपल्यासाठी नाही. सिएनात सान्ता कातेरिनाच्या पार्किंगला गाडी लावली की सरकते जिने थेट वरच्या गावात नेऊन सोडतात. ताईने त्या जिन्यांना गाडीपेक्षा जास्त गुण दिले.

जुन्या गावाच्या आत मात्र गाडी नेऊच नका, कितीही लहान असो. झेडटीएल, म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग, असं लिहिलेला, लाल कडेचा गोल पांढरा फलक दिसला की तिथे कॅमेरा आहे असं समजा. दंडाची नोटीस परदेशी माणसाला ३६० दिवसांपर्यंत येऊ शकते, आणि तुमचा पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल गाडीवाली कंपनी आपले वेगळे पैसे कापते. हॉटेल आतल्या भागात असेल तर आधी फोन करून गाडीचा नंबर त्यांच्यामार्फत नोंदवून घ्या. आम्ही हॉटेलं बाहेरचीच धरली होती.

पिएन्झाजवळ मुक्कामाला जाताना खडीचा पांढरा रस्ता लागला. बारीक चाकं, खाली खडखडाट, मागे धुरळा, दोन्ही बाजूंना नांगरलेली करडी शेतं. पंधरा-वीसच्या वर वेग नेला नाही. जादा कव्हरचे पैसे त्या एका रस्त्यावर मला पटले.

टोलनाक्यावर पिवळ्या लेनमध्ये शिरू नका, ती टॅगवाल्यांची. पांढऱ्या फलकावर नोटा-नाण्यांचं चित्र असतं, तिकडे जा. पंपावर ‘सेर्व्हितो’ म्हणजे माणूस भरून देतो आणि लिटरमागे जास्त घेतो. शेजारच्याच नळीतून स्वतः भरलं की स्वस्त. गासोलियो म्हणजे डिझेल, ते या गाडीत नको.

परत करताना कंपनीच्या माणसाने टॉर्च मारून चारी चाकं तपासली. माझ्याकडे घेतानाचे फोटो होते, मागच्या चाकाच्या जुन्या ओरखड्यासकट. त्याने ते पाहिले आणि सही केली.

पुढच्या वर्षी सिसिलीचं चाललंय. ताईला पुन्हा हीच निळी हवी आहे. पण आता आमचे हेही येतो म्हणतात, आणि त्यांची बॅग अठ्ठावीस इंची आहे.