जायरो रिसिव्हर, गुहागरची खारी हवा आणि वॉरंटीचा घोळ

या जायरो रिसिव्हरचा (रिमोटच्या विमानात बसतो, रिमोटचा सिग्नल घेणारा बोर्ड, विमान सरळ धरणारा स्टॅबिलायझर त्यातच) रिव्ह्यू लिहिणार नव्हतो, पण सर्व्हिसवाला परवा फोनवर म्हणाला "पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही" आणि डोकंच फिरलं. विमान आहे हो ते, होडी नाही! स्पेसिफिकेशन सगळीकडे आहेत, परत टाइपत नाही.

दिवाळीपासून गुहागरला ओहोटी बघून वाळूवर उडवतोय. फोमचा हाय विंग ट्रेनर (वर पंख असलेलं शिकाऊ विमान), थ्री सेल लिपो बॅटरी. दुपारी खारा वारा सुटला की पंख नुसते डुगडुगायचे, स्टॅबिलायझर ऑन केला की विमान रुळावर आल्यासारखं सरळ. सुरुवातीला मी ज्याला त्याला सांगत सुटलो होतो की हे लावा नि क्रॅश विसरा. आता तसं नाही म्हणणार. जायरोला विमान कललं-वळलं ते कळतं, हवेतला वेग कळत नाही. लँडिंगला स्पीड पडलेला असताना एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारं शेपटीचं पातं) ओढून धरलात तर पंख छान सरळ ठेवून तो तुम्हाला स्टॉल करून देतो, म्हणजे पंखांची उचल जाते आणि विमान खाली. आणि सकाळी मतलई वाऱ्यात सुरूच्या बनाजवळ जाऊच नका, झाडांवरून उतरणारी हवा तिथे गटांगळ्या खात असते.

पण माझं खरं भांडण पिनांशी. सर्व्होचे (पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरचे) प्लग बसतात ना, त्या पिना! सोन्याचा मुलामा म्हणे. खाऱ्या हवेत हिरव्या पडल्या. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचं हलतं पातं) जागच्या जागी थरथरायला लागला, वाटलं गेन (जायरो किती जोरात सावरतो ते सेटिंग) जास्त झालाय, कमी केला, मग स्टॅबिलायझरच बंद केला तरी तेच, आणि प्लग जरा दाबला की गप्प. एवढे पैसे घेता आणि पिनेत काटकसर? शेवटी जुना टूथब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, वरून किंचित सिलिकॉन ग्रीस, थरथर बंद. सर्व्हिसवाला नवीन बोर्ड घ्या म्हणत होता!

घेणार असाल तर उडवण्याआधी दर वेळी विमान हातात धरून उजवीकडे कलवा, उजवा एलेरॉन खाली गेला पाहिजे, नाक खाली केलं की एलिव्हेटर वर. उलटं झालं तर जायरोच विमान पाडणार. आणि प्रॉपेलर काढून, थ्रॉटल थोडा देऊन ट्रान्समीटर (हातातला रिमोट) बंद करा, मोटर थांबलीच पाहिजे. माझ्यात कंपनीकडूनच फेलसेफला (सिग्नल तुटल्यावर काय करायचं ते) शेवटची पोझिशन धरून ठेवायचं सेटिंग होतं, म्हणजे सिग्नल तुटला की विमान थेट ओमानला.

पाचातला एक स्टार पिनांचा कापला, एक सर्व्हिसचा. परत घेईन का? घेईन, सेल लागला तर.